हळद्याची बाटली दुकानात मिळत नाही

भात घरात आले, पेंढा रचून झाला, की महाड-पोलादपूरचा शेतकरी चार महिने मोकळा, असे शहरातल्या माणसाला वाटते. ज्याच्या शेताजवळून सावित्री, काळ किंवा गांधारीचे पाणी जाते, ज्याची विहीर निदान मार्चपर्यंत तग धरते, त्याला विचारा. त्याची दुसरी धावपळ तेव्हाच सुरू होते. भाताच्या ओलीवर वाल, पावटा, चवळी टाकायची, विहिरीच्या खालच्या तुकड्यात पाच-दहा गुंठे भेंडी, मिरची, वांगी, टोमॅटो करायचा. भात घरच्या पोटाला लागते. हातात रोख पैसा येतो तो भाजीचा. औद्योगिक वसाहतीमुळे बिरवाडी-नडगावपासून महाड शहरापर्यंत भाजीला दारात गिऱ्हाईक आहे, आणि पोलादपूरला तर महामार्गच जवळ. मुलांची फी, औषधपाणी, पुढच्या खरिपाचे खत, हे सारे या पाच-दहा गुंठ्यांवर चालते.

अशा वेळी भेंडीचे एखादे पान पिवळे पडते. शिरा हळदीने रंगवाव्यात तशा दिसतात. आठवड्यात दहा झाडे, पंधरवड्यात निम्मा तुकडा. शेतकरी पान तोडून खिशात घालतो आणि औषधाच्या दुकानात जाऊन विचारतो, “काय मारू?” दुकानदारही माणूसच, तो एक बाटली देतो. ती मारून गुण आला नाही की दुसरी, मग दोन्ही एकत्र. हंगाम संपतो तेव्हा भेंडी गेलेली असते आणि उधारीची वही तेवढी भरलेली असते.

या दुखण्याबद्दल काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. पहिली गोष्ट अशी, की भेंडीचा हळद्या, मिरचीचा बोकड्या, पपईचा मोझॅक, केळीचा पर्णगुच्छ हे विषाणूंचे रोग आहेत. झाडात शिरलेला विषाणू मारील असे औषध जगात कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. आपल्याकडे सुपारीच्या कोळ्याला बोर्डो मिश्रण लागू पडते, आंब्याच्या भुरीला गंधक लागू पडते, म्हणून प्रत्येक रोगाला काहीतरी फवारा असणारच अशी आपली समजूत झाली आहे. कोळे आणि भुरी या बुरशा आहेत. विषाणू पानाच्या पेशीत बसून झाडाच्याच जिवावर आपली पिल्लावळ वाढवतो. त्याला मारायचे तर झाडच मारावे लागते. म्हणून या रोगांत उपाय एकच, रोग येऊ न देणे आणि आलेले पहिले झाड तिथल्या तिथे संपवणे.

आधी रोग ओळखा

पान पिवळे पडले की प्रत्येक वेळी हळद्याच असतो असे नाही. लोह किंवा जस्त कमी पडले तरी पान पिवळे पडते. पण तेव्हा शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. हळद्यात नेमके उलटे असते. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, सोन्याच्या तारेची जाळी पानावर पसरल्यासारखी. पुढे सारे पानच पिवळे होते आणि भेंडी पांढुरकी, आखूड, निबर निघते. एवढा फरक डोळ्यांनी पाहता आला तरी निम्मी फसगत टळते.

मिरचीच्या बाबतीत आपण बोकड्या या एकाच नावाखाली तीन दुखणी मोडतो. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून होडी उलटी झाली असेल तर कोळी. या दोहोंना योग्य औषध वेळेवर मारले तर झाड सावरते आणि नवी पाने सरळ येतात. पाने बारीक, जाड, शिरा फुगलेल्या, झाड खुजे आणि शेंड्याला झुपका असेल, तर तो विषाणू, आणि ते झाड पुन्हा सुधारत नाही. कोळ्यावर कीटकनाशक आणि विषाणूवर कोळीनाशक मारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांत आणखी एक प्रश्न येतो. पान पिवळे पडले की पहिला संशय धुरावर किंवा पाण्यावर जातो. प्रदूषणाची तक्रार हा गावाचा हक्क आहे आणि तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. पण तक्रार टिकायची असेल तर लक्षण नीट पाहिले पाहिजे. वायूचा किंवा वाईट पाण्याचा चटका बसला तर तो वाऱ्याच्या अथवा पाटाच्या दिशेने एकाच वेळी सगळ्यांवर बसतो. भेंडी, वाल, बांधावरचे गवत, सगळ्यांच्या पानांच्या कडा करपतात. विषाणू तसा येत नाही. तो इथे एक झाड, तिथे एक झाड असा येतो, एकाच पिकावर येतो आणि दिवसागणिक वाढतो. हळद्याच्या पानावर प्रदूषणाचा अर्ज केला तर अर्जही फुकट जातो आणि भेंडीही.

रोग येतो कसा, आणि फवारा का हरतो

हळद्या, मिरचीचा विषाणू-बोकड्या, वालाचा पिवळा मोझॅक हे सारे पांढऱ्या माशीच्या पाठीवर बसून येतात. माशी कसली, तांदळाच्या कणीपेक्षा लहान किडा. झाड हलवले की पानाखालून पांढरी धूळ उडावी तशी उडते. रोगट पानाचा रस ती काही वेळ शोषते, विषाणू तिच्या पोटातून फिरून तोंडात येतो आणि मग मरेपर्यंत ती जिथे बसेल तिथे तो सोडत जाते. यात थोडा वेळ जातो, म्हणून माशीची संख्या ताब्यात ठेवली तर या रोगांचा वेग कमी करता येतो. पण कमीच होतो, थांबत नाही. आपल्या शेतातली माशी मेली तरी शेजारच्या जुन्या भेंडीवरची संध्याकाळी येतेच.

पपई, काकडी, चवळी, केळी यांवरचे बरेच विषाणू माव्याबरोबर येतात, आणि तिथली गोष्ट आणखी कठीण आहे. पपईच्या आणि काकडीच्या मोझॅकमध्ये उडता मावा पानावर बसून सोंड टोचून चव पाहतो तेवढ्या क्षणभरात विषाणू उचलतो, आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. फवारलेल्या पानावर तो मरेलही, पण मरण्याआधी त्याचे काम झालेले असते. म्हणून पपईच्या मोझॅकवर आठवड्याला फवारा मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

फवाऱ्याची दुसरी बाजूही आहे. पुन्हा पुन्हा तेच औषध मारले की पांढरी माशी त्याला सरावते, पण माशी व मावा खाणारे लाल-काळे ढालकिडे मात्र मरतात. म्हणजे राखणदार मारायचा आणि चोर पोसायचा. शिवाय माणसाचा जीव आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरण्यासारखे नाही. आपल्याकडे तर आज फवारलेली भेंडी उद्या सकाळी बाजारात जाते आणि आपल्याच तालुक्यातल्या पोरांच्या डब्यात बसते.

साबुदाण्याचा धडा

एकादशी आणि दुप्पट खाशी असे आपण थट्टेने म्हणतो. त्या दुप्पट खाण्यातला साबुदाणा बहुतेक तामिळनाडूतल्या सेलमच्या बाजूचा असतो. तो ज्या कंदाचा होतो त्याला आपल्याकडे साबुकंद किंवा टॅपिओका म्हणतात. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतरच्या काळात गरिबांचे अन्न म्हणून त्याला उत्तेजन दिले आणि केरळात ते घरोघर झाले. आपल्याकडे साबुकंदाची शेती नाममात्र आहे. तरीही विषाणूरोगाशी गावाने कसे वागावे आणि कसे वागू नये, हे या पिकाइतके दुसरे कुठलेच पीक शिकवीत नाही.

साबुकंद बियांनी लावत नाहीत, खोडाच्या कांड्या लावतात. मोझॅक झालेल्या झाडाची कांडी लावली की नवे झाड जन्मतःच रोगी. त्यावर पांढरी माशी बसून रोग शेजारी नेते, पण मुळात तो शेतात आणतो माणूस, स्वतःच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून. भारतात या मोझॅकची नोंद १९५६ साली झाली. सेलमच्या पट्ट्यात भरपूर पीठ देणाऱ्या एच-२२६, एच-१६५ या जाती पसरल्या आणि कांड्यांची देवाणघेवाण वाढली, तसा त्यांच्याबरोबर मोझॅकही पसरला.

आफ्रिकेतल्या युगांडा देशाला हा धडा फार महागात पडला. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोझॅकची फार जोराची साथ उसळली आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत जिल्ह्यामागून जिल्ह्यातल्या लोकांनी साबुकंद लावणेच सोडले. तिथे ते उपासाचे नव्हे, रोजच्या जेवणाचे अन्न. ते गेल्यावर लोकांवर उपासमारीची पाळी आली. रोगाला दाद न देणाऱ्या जातींची कांडी गावोगाव वाटली गेली, तेव्हा पीक परत उभे राहिले. अलीकडचे उदाहरण आशियातले. श्रीलंकेच्या नावाने ओळखला जाणारा साबुकंदाचा विषाणू २०१५ साली कंबोडियात दिसला, २०१७ मध्ये व्हिएतनाममध्ये आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये. एवढ्या झपाट्याने देशामागून देश ओलांडायला त्याला नुसती माशी पुरली नाही. व्यापारात इकडून तिकडे गेलेल्या कांड्यांनी त्याची वाट सोपी केली.

यावर तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने काढलेला तोडगा आपल्या कुणब्यालाही समजेल इतका साधा आहे. निरोगी दिसणाऱ्या झाडाच्या कांड्या आधी एका लहान वाफ्यात दाटीने लावायच्या. तीन-चार आठवडे पाने पाहायची. ज्या कांडीच्या पानावर चट्टे दिसतील ती उपटून जाळायची, आणि उरलेल्या स्वच्छ कांड्याच शेतात न्यायच्या. शेतातही पहिल्या काही आठवड्यांत दिसेल ते रोगी झाड काढायचे. फवाऱ्याचा खर्च नाही, फक्त डोळा आणि हात. संस्थेने श्री पद्मनाभसारखी मोझॅकला दाद न देणारी जातही दिली आहे. पण जात नवी असली तरी कांडी निवडण्याची सवय सोडू नका, असाच तिथला सल्ला असतो.

आपल्या परसात केळीची पिले, रताळ्याचे वेल, सुरण, अळू, कणगर असतातच. ही सगळी कांड्या-कंदांनी लागणारी पिके. “यांच्याकडची केळ चांगली आहे, एक पिल्लू द्या” म्हणून आपण पाहुण्याकडून घेऊन येतो. पाने अरुंद, ताठ, शेंड्याला झुपका झालेल्या केळीचे पिल्लू कधीही घेऊ नका आणि कोणाला देऊ नका. ते पर्णगुच्छाचे झाड असते. १९४० च्या सुमारास तो रोग केरळात शिरला तो कायमचाच, आणि पुढे १९५९ साली रोगग्रस्त राज्यांतून केळीची रोपे बाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली. पाहुण्याला नाही म्हणणे अवघड जाते, पण सारी केळ घालवण्यापेक्षा ते बरे.

आपल्याच राज्यातली साक्ष

हे दुखणे परदेशातून काल आले असे नाही. भेंडीच्या हळद्याची नोंद जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ सालीच झाली आहे. पुढे पुण्याच्या कपूर आणि वर्मा या शास्त्रज्ञांनी १९५० साली या विषाणूचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या रोगावर आपण आजही “काय मारू?” विचारतो, त्याचे मूळ आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी नोंदवले गेले आहे.

त्यावर जातींचा उपायही झाला. दिल्लीची पुसा सावनी एके काळी हळद्याला दाद देत नव्हती. काही वर्षांनी ती रोगाला बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या जातीशी संकर करून परभणी क्रांती काढली, बंगलोरच्या संस्थेने अर्का अनामिका दिली. १९८० नंतरच्या दशकात या जातींनी शेतकऱ्याला मोठा आधार दिला. आज अनेक ठिकाणी त्यांच्यावरही पिवळी पाने दिसतात. विषाणू बदलतो, माशी बदलते आणि जात थकते. सहनशील जात घ्यावी, अवश्य घ्यावी, पण पाकिटावर लिहिले आहे म्हणून झोप काढू नये.

२०२० साली दोन इशारे मिळाले. त्या उन्हाळ्यात नगर-नाशिककडच्या टोमॅटोवर रंग न धरणारी, डागाळलेली फळे आली. लोकांनी त्याला तिरंगा नाव दिले. नमुने बंगलोरला गेले तेव्हा काकडीच्या मोझॅकसह विषाणूच सापडले. त्याच पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात नव्या केळीवर तोच काकडीचा मोझॅक आला आणि शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. केळीला मोसंबीएवढी फळे येण्याची वाट पाहत कोणी थांबले असते, तर शेजाऱ्याचीही बाग गेली असती. तिथल्या बागाइतदाराने लाखाचे रोप उपटले. आपल्याला भेंडीची वीस झाडे उपटायला हात का थरथरावा?

आपल्या तालुक्यांचा हिशेब

निसर्गाने कोकणाला एक सवलत दिली आहे, तिचा आपण फायदा घेत नाही. महाड-पोलादपूरवर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत पांढरी माशी धुऊन जाते, उन्हाळी भाजी संपलेली असते, शेतात भात असते. दरवर्षी पावसाळा आपली पाटी कोरी करून देतो. ऊन तापू लागले की, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, माशी पुन्हा वाढते. मग प्रश्न एवढाच, की कोऱ्या पाटीवर रोगाचे पहिले अक्षर कोण लिहितो? बहुतेक वेळा आपणच. परसातली गेल्या साली राहिलेली दोन मिरच्यांची झाडे, बांधावरची पिवळ्या जाळीची तणे, बाहेरून आणलेली रोपे, आणि शेवटचा तोडा झाल्यावर तशीच उभी सोडलेली भेंडी. घरधनी मुंबईला निघून गेला आणि त्याच्या तुकड्यात जून भेंडी वाळत राहिली, हे चित्र गावोगाव आहे. तो तुकडा म्हणजे माशीची धर्मशाळा.

म्हणून करायचे काय ते क्रमाने सांगतो.

भेंडीचा हळद्या बियातून येत नाही, पण चवळीचा मोझॅक येतो. घरचे चवळीचे बी ठेवायचे तर हंगामात निरोगी, सरळ पानांच्या वेलांना चिंधी बांधून ठेवा आणि बी त्याच वेलांचे धरा. मिरची-टोमॅटोची रोपे शक्यतो स्वतःच्या वाफ्यात करा आणि वाफ्यावर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी किंवा जुने पातळ लुगडे कमानी करून ताणा. कोवळ्या वयात लागलेला रोग सर्वांत घातक. भेंडीच्या जुन्या प्रयोगांत असे दिसले आहे, की उगवल्यापासून पहिल्या महिन्यात लागण झाली तर जवळजवळ सारे पीक जाते, ५० दिवसांनी झाली तर आठ आण्यांहून बरेच अधिक आणि ६५ दिवसांनी झाली तर निम्मे. म्हणजे पहिले दीड-दोन महिने राखले की पुढचे बरेच पीक हाती लागते.

लावणीच्या आधी पंधरा दिवस तुकड्याच्या कडेला मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेरा; उडत येणारा मावा आणि माशी आधी तिथे अडते. एकरी दहा-बारा पिवळे चिकट सापळे पुरतात. दहा गुंठ्यांना तीन. विकत घ्यायला नको, डब्याचा पत्रा पिवळा रंगवून त्यावर एरंडेल चोपडले तरी चालते. सापळ्यावर माशी दिसू लागली की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्याला. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे, वरून शिंपडून उपयोग नाही. त्यापुढे रासायनिक औषधाची गरज पडलीच, तर कृषी खात्याला विचारून, लेबलवर त्या पिकाचे नाव पाहून, आणि फवारणी ते तोडणी यांतले दिवस पाळून. मिरची-टोमॅटोच्या काही मोझॅक रोगांचा विषाणू तंबाखूतूनही येतो. मशेरी लावलेल्या, तंबाखू मळलेल्या हातांनी रोपे लावू नका. आधी साबणाने हात धुवा.

आणि सर्वांत मोठे काम, उपटणे. ६० बाय ३० सेंटिमीटरवर दहा गुंठ्यांत भेंडीची साधारण साडेपाच हजार झाडे बसतात. पहिल्या महिन्यात त्यांतली वीस पिवळी दिसली आणि वीसही काढली, तर शंभरातले अर्धेही झाड गेले नाही. तीच वीस “अजून दोन भेंड्या देतील” म्हणून ठेवली, तर महिन्याने तुकडाच राहणार नाही. सकाळी लवकर, गारव्यात, माशी सुस्त असते तेव्हा जा. झाडावर पिशवी घाला, मुळासकट उपटा, पिशवीतूनच बाहेर न्या आणि खड्ड्यात पुरा किंवा जाळा. बांधावर फेकले तर माशी उडून परत आत येते. हे पहिले सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी करायचे. जीव लावून वाढवलेले झाड उपटायला जिवावर येते हे खरेच. पण घरातल्या एका आजारी जनावरासाठी गोठाच्या गोठा कोणी आजारी पाडत नाही.

गावाचे काम

हे सारे एकट्याने केले तर अर्धेच फळ मिळते. पांढरी माशी सात-बारा पाहून बसत नाही. माझ्या बांधापलीकडे भाऊबंदाचा जून तुकडा उभा असेल तर माझी मेहनत वाया जाते आणि त्यावरून बांधावर भांडण होते ते वेगळेच. म्हणून हा विषय ग्रामसभेत आला पाहिजे. रस्ते, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांच्या यादीत भाजीचा रोग हा विषय आजवर किती ग्रामपंचायतींनी घेतला असेल?

सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक (पदांची नावे अलीकडे बदलली असली तरी गाव त्यांना याच नावांनी हाक मारते) यांनी एकत्र बसून तीन ठराव करावेत. पहिला, मे महिन्याच्या अखेरीस गावात जुन्या भेंडी-मिरचीचे एकही झाड उभे राहणार नाही. मालक गावात नसेल तर त्याला फोन करून, त्याच्या संमतीने वाडीने ते काढावे. दुसरा, एका वाडीतल्या लोकांनी भेंडीची पेरणी शक्यतो आठ-दहा दिवसांच्या आत उरकावी. मागे-पुढे पेरले की जुन्या तुकड्यातला रोग नव्या कोवळ्या तुकड्यात उतरतो. तिसरा, गावची रोपे गावातच, एका जाळीखाली, एखाद्या बचत गटाने करावीत. निरोगी रोपांसाठीच राज्य शासनाने २०२० साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने रोपवाटिका योजना सुरू केली होती. आपल्या तालुक्यांतल्या बचत गटांनी आज कोणती योजना लागू आहे याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी, आणि कार्यालयानेही अर्ज येण्याची वाट न पाहता गटांपर्यंत जावे.

कृषी खात्याकडेही आमचे मागणे आहे. डिसेंबर-जानेवारीत, रोग दिसण्यापूर्वी, वाडीवाडीवर एक सकाळ द्या आणि शेतात उभे राहून हळद्या, कोळी, फुलकिडे आणि लोहाची कमतरता यांतला फरक लोकांना पानावर दाखवा. मार्चमधली चर्चासत्रे म्हणजे वरातीमागून घोडे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, रोह्याजवळ किल्ल्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगट नमुना तिथे पोचवण्याची सोय तालुक्याला असली पाहिजे, म्हणजे शेतकऱ्याला पान खिशात घालून दुकानात जावे लागणार नाही. दुकानदार बंधूंनाही सांगणे आहे. गिऱ्हाइकाला “याला औषध नाही, उपट” असे सांगणाऱ्या दुकानाची बाटली एखादी कमी खपेल, पण त्या दुकानावरचा विश्वास वाढेल.

गाव करी ते राव न करी अशी आपली म्हण आहे. युगांडापासून रावेरपर्यंत तिचीच प्रचिती आली. जिथे एकेकाने आपापला पंप उचलला तिथे रोग पुढे सरकत राहिला, आणि जिथे सगळ्यांनी मिळून निरोगी बेणे धरले आणि रोगी झाड काढले तिथे पीक राहिले. यंदाच्या भेंडीला अजून दोन पानेच असतील. परवा सकाळी एक फेरी मारा. शिरा पिवळ्या दिसल्या तर दुकानात जाण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा, आणि दोघांनी मिळून ते झाड काढा.